लाट न आलेल्या अकरा फेऱ्या

पंखेवाल्यांच्या घरात पाच संगणक होते आणि त्यांतल्या एकावरही त्यांना स्वतःला धड चार ओळी टाइप करता येत नव्हत्या. हे आधीच सांगितलेलं बरं. माणूस संगणकातला नव्हता, पंख्यातला होता. छताचे, टेबलावरचे, भिंतीतले, कारखान्यातले, दवाखान्यातले, जिथे म्हणून पातं फिरतं तिथे एकदा तरी त्यांचा हात लागलेला असायचा. जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार कापून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजत गुंडाळायची, वार्निश द्यायचं, वाळवायचं, आणि मग बटण दाबून डोळे मिटून ऐकायचं. आवाजावरून ते पंख्याचं वय सांगत. दुकानाच्या पाटीवर नाव नव्हतंच, नुसतं 'पंखे दुरुस्ती' होतं, त्याचं गिऱ्हाइकांनी पंखेवाले करून टाकलं. बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारायची.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती.

घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. डोक्यावर सपाट गच्ची, मागच्या खोलीला पश्चिमेची भिंत. उन्हाळ्यात दुपारी तीनला त्या भिंतीला तळहात लावून दहा आकडे मोजून दाखवावेत, असं पंखेवाले कुणालाही आव्हान देत. सातच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. त्याच भिंतीला लागून त्यांनी एक लांब फळी टाकली होती आणि फळीवर पाच संगणक मांडले होते. पाचांचे कुशीचे पत्रे काढून ठेवलेले, आतली हिरवी आतडी उघडी, आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर एकेक टेबलपंखा. पाच संगणकांना पाच पंखे. स्वतः पंखेवाले बनियनवर स्टुलावर बसत आणि खांद्यावरच्या पंच्याने मान पुसत. छताला सहावा पंखा होता, उत्तम स्थितीतला, पण तो कधी लागत नसे. का ते पुढे येईलच.

संगणक मिळाले एका कॉलेजातून. तिथली जुनी यंत्रं मोडीत निघाली होती आणि त्यांतले छोटे पंखे साफ करून द्यायला यांना बोलावलं होतं. यांनी दोन दिवस बसून पंखे साफ केले, आणि काम संपल्यावर तिथल्या संगणकवाल्याच्या टेबलावर एक चित्र हलताना पाहिलं. नकाशा होता. चौकोन चौकोन, पिवळे, नारिंगी, लाल. कोपऱ्यात तारीख सरकत होती. तारखेखालचं साल वाचून पंखेवाल्यांच्या हातातला ब्रश तसाच राहिला.

संगणकवाल्याने सांगितलं ते असं. सहा वर्षांपूर्वी उन्हाची जी लाट आली होती तिच्यावर कुठल्याशा दूरच्या विद्यापीठात संशोधन चाललं होतं. ती लाट येणारच होती, की थोडं इकडचं तिकडे झालं असतं तर टळली असती, एवढाच त्यांचा प्रश्न. पण त्याचं गणित प्रचंड आणि यंत्रं तुटपुंजी. म्हणून त्यांनी जगभरच्या लोकांना विचारलं, तुमचा घरचा संगणक आम्हाला वापरू द्याल का? जो हो म्हणेल त्याच्या संगणकावर नेटवरून एक तुकडा येई. तुकड्यात तोच उन्हाळा, लाटेच्या बारा दिवस आधीपासूनचा. फक्त सुरुवातीला कुठेतरी तीळभर फरक केलेला असे. समुद्र इथे किंचित गार, वारा तिथे किंचित वळलेला. तिथून संगणक तासातासाने पुढे जात ते दिवस पुन्हा घडवत नेई. आठ-दहा दिवसांनी गणित संपलं की उत्तर आपोआप परत जाई आणि नवा तुकडा येई. एका तुकड्याला ते एक फेरी म्हणत.

"म्हणजे तोच उन्हाळा परत परत?" पंखेवाल्यांनी विचारलं.

"तोच. हजारो वेळा."

"आणि सगळ्यांत लाट येते?"

"तेच तर शोधतायत, काका."

पंखेवाले घरी गेले ते मोडीतले पाच संगणक टेम्पोत घालूनच. संगणकवाल्याने बिचाऱ्याने एका रविवारी घरी येऊन सगळं जोडून दिलं. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला विज्ञानाची आवड आहे.

आवड कसली. त्या लाटेच्या सतरा तारखेला पंखेवाल्यांची बायको गेली होती.

तेव्हाचं सांगायचं तर, तो महिना पंखेवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती इतके पंखे येऊन पडलेले. प्रत्येकाला आजच हवा, आत्ताच हवा. घरचा छताचा पंखा तीन आठवड्यांपूर्वी जळाला होता. तोही दुकानात आणून ठेवला होता, त्यावर खडूने 'घरचा' लिहिलं होतं आणि घरचा म्हणून तो रोज रांगेत मागे जात होता. बायकोने दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा टोमणा मारला. "पंखेवाले, माझा नंबर कितवा?" घरी एक टेबलपंखा राहिला होता, त्यावर भागत होतं. सतरा तारखेला सकाळी जुन्या गिऱ्हाइकाचा, एका शिवणकारखान्याच्या मालकाचा फोन आला. पंधरा माणसं मशीनवर बसलीयेत, काहीतरी करा. पंखेवाल्यांचा स्वभावच असा की गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जीभ रेटत नसे. त्यांनी घरातला टेबलपंखा उचलला.

"संध्याकाळपर्यंत," ते म्हणाले.

"न्या," बायको म्हणाली. "मी दुपारी जिन्यात जाऊन बसेन. तिथे गार असतं."

जिन्यात ती बसली नाही. बसली असती तर कुणाला तरी दिसली असती. संध्याकाळी पंखेवाले पंखा काखेत मारून वर आले तेव्हा ती मागच्या खोलीत भिंतीपासून हातभर अंतरावर जमिनीवर पडलेली होती. त्या चार दिवसांत शहरात पुष्कळ माणसं गेली. डॉक्टर म्हणाले उष्माघात. शेजारी म्हणाले, काय उन्हाळा होता तो. पंखेवाल्यांना कुणी काही बोललं नाही, कारण पंख्याचं कुणाला माहीतच नव्हतं. माहीत होतं ते फक्त त्यांच्या मुलीला, आणि तिनेही सहा वर्षांत तो विषय काढला नव्हता. छताचा पंखा त्यांनी आठव्या दिवशी दुरुस्त करून टांगला. एकदा बटण दाबून आवाज ऐकला, बंद केला, आणि पुन्हा लावला नाही.

तर या माणसाला त्या पाच यंत्रांकडून एकच गोष्ट हवी होती. ती लाट नुसता दैवाचा फेरा होती, एखाद्या वाऱ्याने जरा वळण घेतलं असतं तर ती आलीच नसती, एवढं यंत्रांनी सांगावं. लाटच आली नसती, तर पंख्याची गरज नव्हती. गरज नव्हती, तर मग तो कुणी नेला आणि कुणी नाही, याला काय अर्थ? माणूस असल्या आशेवर किती दिवस काढू शकतो, ते हसण्यावारी नेणाऱ्यांना कळायचं नाही.

नकाशावर गावांची नावं नव्हती. पंखेवाल्यांनी नदीच्या वळणावरून मोजून आपला चौकोन शोधून काढला आणि पाचही पडद्यांवर त्याच्याकडे तोंड करून काळ्या इन्सुलेशन टेपचा एकेक बाण चिकटवला. चौकोन लाल झाला की लाट. एक शाळेची वही केली. फेरीचा नंबर लिहायचा आणि पुढे 'आली' किंवा 'नाही'. फेरीतली तारीख चौदाच्या पुढे सरकली की दुकान बंद ठेवून ते त्या यंत्रासमोर ठाण मांडून बसत.

हिवाळाभर सगळ्या आल्या. एकावन्न फेऱ्या, एकावन्न वेळा लाल. प्रत्येक वेळी सोळाला नारिंगी, सतराला लाल, दुपारी गडद लाल. पंखेवाले 'आली' लिहीत आणि वही मिटत. एकावन्न वेळा बायकोला मरताना पाहायचं, तेही चौकोनाच्या रंगावरून. असल्या कामाची कुणावर सक्ती केली असती तर ती शिक्षा झाली असती. हे आपणहून करत होते.

मग खरा उन्हाळा लागला. खोली तापू लागली, आणि भिंतीजवळचे दोन संगणक, तिसरा आणि पाचवा, दुपारी दोनच्या सुमारास आपोआप बंद पडायला लागले. संगणकवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, आत जास्त तापलं की तो स्वतःहून बंद होतो. त्याच्या भल्यासाठीच असतं ते. उन्हाळ्यात बंदच ठेवा ना."

हे पंखेवाल्यांना कुणी शिकवायला नको होतं. पंख्याच्या मोटरमध्येही असा कटआउट असतो. मोटर तापली की लाइन तोडतो, मोटर वाचते. पण गिऱ्हाईक डोक्यावर बसलं आणि वेळ नसला की कारागीर कटआउट काढून तारेला तार जोडून देतो. धंद्यात याला डायरेक्ट करणं म्हणतात. चांगला कारागीर ते करत नाही. पंखेवाले चांगले कारागीर होते, आणि त्या एका उन्हाळ्यात त्यांनीही चाळीसेक पंखे डायरेक्ट केले होते. आता इकडे फेरी नेमकी पंधरा-सोळा तारखेवर येऊन बंद पडत होती. म्हणजे सतरा तारीख दाराशी यायची आणि घोडं तिथेच अडायचं. त्यांनी संगणकवाल्याला पुन्हा फोन करून भंडावून सोडलं. तो कंटाळला आणि कुठली बटणं दाबून ती सोय बंद करायची ते फोनवरच सांगता झाला. तिसरा आणि पाचवा डायरेक्ट झाले. समोर मोठे पंखे आले. यंत्रं पुन्हा दुपारभर चालू लागली आणि पंखेवाल्यांना वाटलं, तीस वर्षांची कारागिरी कामी आली.

त्यानंतर आठच दिवसांत पहिली 'नाही' आली.

तिसरा संगणक होता. फेरीतली सोळा तारीख पिवळी गेली. सतराची सकाळ पिवळी. पंखेवाले स्टुलावरून उठून उभे राहिले. सतराची दुपार पिवळी, संध्याकाळ पिवळी, आणि चौकोनावरून अठरा तारीख अशी सरकून गेली की जसं काही झालंच नव्हतं. त्यांनी वहीत 'नाही' लिहिलं. मग पेन तसंच धरून बसून राहिले, कारण एक गोष्ट त्यांच्या आता ध्यानात आली. या फेरीत ती होती. अठरा तारखेला सकाळी उठली होती. मग तिने केलं काय? त्यांनी पुष्कळ विचार केला. तिच्या चष्म्याची एक काडी ढिली झाली होती आणि ती महिनाभर म्हणत होती, करून आणा. त्यांनी 'नाही'च्या पुढे लिहिलं: चष्मा दुरुस्त.

दुसरी 'नाही' पाचव्यावर आली. पुढे लिहिलं: धाकट्या बहिणीला फोन, तासभर. तिसरीपुढे: कपाट आवरलं, माझा जुना स्वेटर टाकून दिला, भांडण. असं करता करता जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अकरा झाल्या. अकरा वेळा ती वाचली होती आणि अकरा अठरा तारखांना तिला काही ना काही काम होतं. पंखेवाले दुकानात गुणगुणू लागले. गिऱ्हाइकं त्यांना म्हणाली, काय काका, खुशीत?

मुलगी रविवारी येत असे. ती एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. स्वभावाने बापावर गेलेली, म्हणजे कामात चोख आणि घरच्या गोष्टींत मुखदुर्बळ. ती आली ती दारातच थबकली.

"बाबा, हे काय? भट्टी झालीये घराची. पंखा तरी लावा वरचा."

"बस. तुला एक दाखवायचंय," पंखेवाले म्हणाले आणि त्यांनी वही तिच्या हातात दिली.

तिने पहिली पानं भराभर उलटली. मग सावकाश. 'चष्मा दुरुस्त'वर ती थांबली. पदर नव्हता म्हणून ओढणीने डोळे पुसले, घाम पुसल्यासारखं दाखवून.

"अकरा वेळा," पंखेवाले म्हणाले. "अकरा वेळा वाचली तुझी आई. म्हणजे बघ, टळू शकत होतं. हवेचंच होतं सगळं. जरा वारा फिरला असता तर."

तिला खरं तर गप्प बसायचं होतं. पण लॅबमधल्या माणसाच्या हाडीमाशी एक सवय खिळलेली असते. तिने विचारलं, "बाकीच्यांकडे काय आलं?"

"कोण बाकीचे?"

"एकच नमुना आम्ही दोनदा लावतो, बाबा. शंका आली तर तिसऱ्यांदा. हे लोक पण तसंच करत असतील ना? एक फेरी एकाच घरी कशी पाठवतील?"

पंखेवाल्यांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या पडद्यावर फेरी संपली की 'पूर्ण' असा एक हिरवा शब्द येई, आणि त्यावर त्यांचं समाधान होतं. मुलीने संगणकवाल्याने यंत्राच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं खात्याचं नाव पाहिलं आणि स्वतःच्या फोनवर प्रकल्पाचं पान उघडलं. वही मांडीवर घेतली. एक नंबर वहीत बघायची, एक फोनवर. पहिल्यांदा तिचं बोट भरभर चाललं होतं. मग हळू झालं. शेवटी तिने फोन पालथा घातला.

"काय झालं?"

"काही नाही. नंतर बघू. किती गरम होतंय."

"लॅबमध्ये वाईट रिपोर्ट आला की पेशंटसमोर अशीच बसतेस का तू?" पंखेवाले म्हणाले. "सांग."

तिने सांगितलं. तिला गोड करून सांगता येत नसे, हा गुणही बापाचाच. प्रत्येक फेरी तीन घरी जात होती. दोन उत्तरं जुळली की ती मान्य होई. तिसरं वेगळं असेल तर ते बाद. पंखेवाल्यांच्या हिवाळ्यातल्या एकावन्नच्या एकावन्न मान्य होत्या. अकरा 'नाही' मात्र सगळ्या बाद होत्या. त्याच फेऱ्या बाकीच्या दोन-दोन घरी लाल निघाल्या होत्या.

"सगळ्या तिसऱ्या आणि पाचव्यावरच्या आहेत, बाबा. भिंतीजवळच्या. खाली त्यांनी कारणही लिहिलंय. यंत्र फार तापलं की त्याचं गणित चुकतं. त्याला ते कळत नाही, ते तसंच पुढे जात राहतं. आमच्याकडेही नमुना उन्हात राहिला की रिपोर्ट भलताच येतो."

तीस वर्षं पंखेवाले प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आले होते की पंखा हवा गार करत नाही, असलेलीच हवा हलवतो. आणि इथे पाच पंखे लावून तापलेल्या खोलीतली तापलेली हवा ते तापलेल्या यंत्रांवर मारत बसले होते. यंत्राला उन्हाचा तडाखा बसला आणि ते बरळलं. त्या बरळण्यात तेवढी ती अकरा वेळा चालती-बोलती झाली.

"एकंदरीत किती मान्य झाल्या?" त्यांनी विचारलं. "सगळ्यांच्या मिळून?"

"नऊ हजारांच्या वर."

"त्यांतल्या कितींत नाही आली?"

मुलीने फोन उलटा करून पाहिला नाही. तिने ते आधीच वाचलं होतं. "सगळ्यांत आली, बाबा. कुठे अर्धा दिवस आधी, कुठे अर्धा दिवस नंतर. पण आली. ती टळणारच नव्हती." आणि मग सहा वर्षांत जे बोलली नव्हती ते ती एका दमात बोलून गेली. "म्हणजे तुमचा काही दोष नाही. तेवढं ऊन असणारच होतं. पंखा असता तरी काय, तुम्हीच सांगता ना लोकांना, पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो."

"घाम वाळवतो," पंखेवाले म्हणाले. "भिंतीपाशी एकटं पडलेल्या माणसाला दुपारभर तेवढंच पुरतं. पाणी पिऊन जिन्यापर्यंत जायला पुरतं. हे मला तू सांगू नकोस."

मुलगी उठली आणि भिंतीवरचं बटण दाबून तिने छताचा पंखा लावला. पाती सुरू झाली, आवाज एकसारखा, कुठे खरखर नाही. पंखेवाल्यांनी डोळे मिटून तो नेहमीच्या सवयीने ऐकला. मग उठून त्यांनीच तो बंद केला.

नंतर त्यांनी एकेक करून पाचही संगणक बंद केले. टेबलपंखे बंद करायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. ते पाची काळ्या पडद्यांवर वारा घालत राहिले. पंखेवाले स्टुलावर बसले, वही घेतली आणि पहिल्या 'नाही'वर आडवी रेघ मारून वर 'आली' लिहिलं. चष्मा दुरुस्त, हे खोडलं. बहिणीला फोन, खोडलं. स्वेटर खोडला. मुलगी शेजारी उभी राहून पाहत होती. अकरावी झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, बास आता. त्यांनी समुद्र बदलून पाहिला, वारा बदलून पाहिला, सगळं करून पाहिलं. नाही टळत ते."

"हो ना," पंखेवाले म्हणाले. "सगळं बदलून पाहिलं त्यांनी. नऊ हजार वेळा. पंखा तेवढा कुणी परत आणून ठेवला नाही."

त्यांनी वही मिटली आणि पंच्याने मान पुसली.